आटे

बावीस वर्षं धनकवडीत पाणी सोडतो मी.
नावानं कुणी ओळखत नाही, चावीवाला म्हणतात.
पहाटे साडेचार, लोखंडी चावी खांद्यावर,
चेंबरचं झाकण सरकवायचं, झुरळं बाजूला होईस्तोवर थांबायचं
आणि आटे मोजायचे.
वरच्या आळीला अकरा. शाळेमागं नऊ.
एखादा जास्त झाला की खाली जुना जोड सुटतो,
एखादा कमी, की टेकाडावरच्या बायका
माझ्या आईचा उद्धार करतात.

चार वर्षांपूर्वी रतनअक्कानं मला किडनी दिली.
मार्केट यार्डात कोथिंबिरीच्या जुड्या बांधते ती.
किडनीला लेक म्हणते.
फोनवर आधी माझी नाही, तिचीच विचारपूस:
"नांदतेय ना नीट?"
नांदतेय, मी म्हणतो. सासरचे सगळे झोपवून ठेवलेत.

ते खरंच आहे.
सकाळी नऊ, रात्री नऊ, ती गोळी,
अंगातले राखणदार गुंगीत राहावेत,
परकी कोण आली ते त्यांना कळू नये म्हणून.

गेल्या दिवाळीनंतर शाळेमागं पाण्याला वास आला.
मोहितेंच्या सुनेनं बाटली भरून दाखवली,
वर स्वच्छ, तळाशी चहाच्या गाळासारखं काहीतरी.
मी वहीत लिहिलं: किरकोळ गळती, ड्रेनेजलगत.
तिनं तांब्याभांडं पुढं केलं.
सातवा महिना होता तिला, उभ्यानं दमत होती.
मला सांगितलेलं, उकळल्याशिवाय घोट नको.
पण पाणी सोडणाऱ्यानंच
त्या नळाचं पाणी नको म्हणायचं?
प्यालो.

गल्लीला कावीळ झाली.
पोरं पिवळी पडली, गळ्यात माळा घातल्या,
महिन्याभरात पुन्हा क्रिकेट सुरू.
ती सून अकरा दिवस ससूनला होती.
तेवढंच लिहितो.

मला काहीच झालं नाही. डोळे पांढरेशुभ्र.
फक्त चावी जड झाली.
लिव्हरचे आकडे चढत राहिले,
बी नाही, सी नाही, औषधाचा दोष असेल,
असे सात महिने. मग कुणीतरी ई तपासला.
बागूल मॅडम म्हणाल्या, आपल्याकडचा हा विषाणू
सहसा मुक्काम करत नाही.
पण तुमच्या घरात त्याला हाकलायला जागं कोण आहे?

गोळी कमी केली तर राखणदार उठतील, त्याला धरतील.
फारच उठले, तर अक्काच्या लेकीलाही धरतील.
"समजतंय ना, दादा?"
म्हटलं, मॅडम, किती आटे?
त्या हसल्या नाहीत.
थोडेच, म्हणाल्या. मग दर आठवड्याला रक्त बघू.
नाहीच जमलं तर दुसरं औषध आहे, त्यानं रक्त कमी होतं.

आज तिसरा आठवडा.
चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला लावलं
की जमिनीखालचं पाणी ऐकू येतं,
सरळ जातंय की कुठं फसफसतंय.
जुन्या मुकादमानं शिकवलेलं.
हल्ली रात्री नऊनंतर
ओटीपोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवून
तसंच काही ऐकायला बघतो.
काही कळत नाही.

अक्काला ई सांगितलेलं नाही.
काल म्हणाली, आवाज का रे असा बारीक?
म्हटलं, पहाटे उठावं लागतं.
तिनं पिशवीभर कोथिंबीर धाडली होती.
बायकोनं ती उकळून गार केलेल्या पाण्यात तीनदा धुतली
आणि तरी माझ्या ताटात वाढली नाही.

शाळेमागचा व्हॉल्व्ह बंद आहे. टँकर येतो.
नवा पाइप मंजूर झालाय म्हणे, रस्त्याकडेला अजून दिसला नाही.
वहीतला तो शब्द, किरकोळ,
माझ्याच अक्षरात आहे, खोडलेला नाही.
मोहितेंच्या दारावरून जाताना
चावी दुसऱ्या खांद्यावर घेतो,
चेहऱ्याच्या आणि उंबऱ्याच्या मध्ये येईल अशी.